खोगीर की पन्हळ?

इपॉक्सी रेझिनमध्ये (तापवल्यावर कडक होणाऱ्या चिकट पदार्थात) भिजवलेले कार्बन तंतूंचे दोन पातळ थर काटकोनात एकमेकांवर ठेवायचे आणि दाबाखाली साधारण 180 अंश सेल्सियसला भाजून घट्ट करायचे. साच्यात ही पट्टी सपाट असते. थंड होऊ लागली की आपोआप वाकते.

कारण सरळ आहे. कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेने जवळजवळ आखडतच नाही. रेझिन मात्र बरेच आखडते. त्यामुळे प्रत्येक थर तंतूंना आडव्या दिशेने आकसू पाहतो आणि दुसऱ्या थराचे तंतू त्याला अडवतात. एका दिशेत कडा वर उचलल्या जाव्यात, दुसरीत खाली झुकाव्यात, म्हणजे आकार घोड्याच्या खोगिरासारखा व्हावा, असे रेषीय गणित, म्हणजे वाकणे अगदी थोडे आहे असे मानून केलेला सोपा हिशेब, सांगते.

पातळ, रुंद पट्टी प्रत्यक्षात पन्हळीसारखी एकाच दिशेने वळते. याचा उलगडा अमेरिकेतील संशोधक मायकेल हायर यांनी 1981 मध्ये केला, आणि मला तो या विषयातला सर्वांत सुंदर निष्कर्ष वाटतो. कागदाची सुरळी सहज होते, पण खोगीर करायला जावे तर कागद चुरगळतो, कारण त्यासाठी पृष्ठभागच ताणावा लागतो. पातळ वस्तूला वाकणे स्वस्त, ताणले जाणे फार महाग. रेषीय समीकरणांत या ताणाचा हिशेबच नसतो. उतार आणि ताण यांना जोडणारी, 1910 मध्ये अभियंता फॉन कारमानने मांडलेली अरेषीय पदे घेतली की उत्तर पन्हळ येते. तीही एक नव्हे, दोन! हाताने दाबले की पट्टी खटकन उलटून काटकोनातल्या दुसऱ्या पन्हळीत जाते आणि तिथेच राहते. छोट्या किंवा जाड पट्टीत मात्र खोगीरच टिकते.

विमानाच्या अशा कार्बन-रेझिन पत्र्यांत थर सहसा मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखे रचतात, म्हणून ते थंड होताना वाकत नाहीत. पण कडा जखडलेला असा पत्रा तापला, तर ठरावीक तापमानानंतर बाहेर फुगून वाकतो. दंडगोलासारख्या कवचांत, विशेषतः अक्षाच्या दिशेने दाब आला तर, धोका अधिक: घडणीतली बारीकशी खोटसुद्धा त्यांची भारक्षमता खूप घटवते.

उलटणारी पट्टी वापरून आकार बदलणारे पंख करण्यावर संशोधन चालू आहे. दोन्ही आकार टिकवायला ऊर्जा लागत नाही, हे त्यातले आकर्षण. अडचण तापमानाची आहे. उन्हात तापलेल्या पट्टीची वक्रता कमी होते, म्हणून ती थोड्या बळाने उलटते. दहा किलोमीटर उंचीवर, उणे 50 अंशांत, तिलाच जास्त बळ लागते. हवेतला ओलावा शोषून रेझिन फुगले तरी वक्रता बदलते.