अलायनर आणि रिटेनर: 'घट्ट लागतंय' याचा अर्थ दोघांत उलटा आहे

अलायनरचे ट्रे वाकडे दात सरळ करतात, रिटेनर सरळ झालेले दात धरून ठेवतो. दोन्ही पारदर्शक, दोन्ही दातांवर चढवायचे, दोन्ही जेवताना काढून डबीत ठेवायचे. त्यामुळे अलायनरवाल्या घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक: 'ट्रे संपले, आता शेवटचाच रात्री घालते, तोच रिटेनर.' दुसरं: 'रिटेनर घट्ट लागतोय, म्हणजे काम करतोय.' दोन्ही चुकीची आहेत. त्यातलं दुसरं जास्त महागात पडतं, कारण ते ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि दात तोवर परत वाकडे होत असतात.

अलायनर म्हणजे काय हे त्या वाटेवर असलेल्यांना सांगायला नको. ट्रेची मालिका, एका ट्रेमागे दात जास्तीत जास्त पाव मिलिमीटरच्या आसपास सरकणार, डॉक्टर सांगतील तसा ७ ते १४ दिवसांनी पुढचा ट्रे. रिटेनर ही मालिका संपल्यावर येतो आणि दात आहेत तिथेच धरून ठेवतो. त्याचं प्लास्टिक सहसा थोडं जाड असतं आणि त्यावर बटणांसाठीचे, म्हणजे ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर चिकटवलेल्या छोट्या ठिपक्यांसाठीचे, उंचवटे नसतात. तारेचा हॉली रिटेनर आणि दातांच्या मागे चिकटवलेली तार यांची अलायनरशी कुणी गल्लत करत नाही, म्हणून ते बाजूला ठेवू.

खरी गल्लत घट्टपणाची आहे.

अलायनरचा नवा ट्रे मुद्दामच आजच्या दातांच्या मापाचा बनवलेला नसतो. दात जिथे जायला हवेत त्या जागेचा तो साचा असतो. म्हणून तो घट्ट लागतो, आणि लागायलाच हवा. त्याचा दाब दात आणि हाड यांच्या मधल्या तंतूंवर येतो. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड हळूहळू झिजतं, ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवं हाड भरतं, आणि दात जागा बदलतो. पहिले दोन-तीन दिवस ठणकतं, मग ट्रे सहज चढायला लागतो. तो सैल वाटायला लागणं ही चांगली खूण आहे.

रिटेनर मात्र दात जिथे आहेत त्याच जागेचा साचा असतो. तो घट्ट लागला याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: दात हलले. हाडातले तंतू नव्या जागेला तीन-चार महिन्यांत रुळतात, पण हिरडीतले लवचिक तंतू वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. वळलेला दात सरळ केलेला असेल तर ही ओढ सर्वात जास्त. खालचे पुढचे दात तर कधीच उपचार न घेतलेल्यांचेही वयानुसार दाटीवाटीने बसायला लागतात. म्हणून 'वर्षभर घातला, आता पुरे' हा हिशेब चालत नाही. पहिले काही महिने जवळजवळ पूर्ण वेळ, नंतर रोज रात्री, आणि ती रात्रीची सवय कायमची.

आता ही खूण रोज वाचायची कशी? अलायनर घातल्यावर आरशासमोर, भरपूर उजेडात, दाताची कड आणि प्लास्टिक यांच्या मधे बघा. तिथे पोकळी दिसते का? समोरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे छोटे दात आधी बघा, मागे राहायची खोड त्यांचीच. मग बटणं बघा. दातावर चिकटवलेलं बटण ट्रेवरच्या उंचवट्यात पूर्ण भरलेलं दिसायला हवं, कोपऱ्यात रिकामी जागा राहिली तर तो दात मागे पडलाय. नव्या ट्रेत पहिले एक-दोन दिवस बारीक पोकळी असणं ठीक. ट्रे बदलायचा दिवस आला तरी ती तशीच असेल, तर पुढचा ट्रे चढवू नका, डॉक्टरांना फोटो पाठवा. तारीख आली म्हणून ट्रे बदलणाऱ्यांचा दात पाचव्या ट्रेपासून मागे पडलेला असतो आणि ते बाराव्या ट्रेला क्लिनिकमध्ये येतात. मग नवं स्कॅन, नवे ट्रे.

पोकळी असेल तेव्हा अलायनरमध्ये च्युई, म्हणजे ट्रे नीट बसवायची मऊ नळकांडी, चावायची: त्या दातावर धरून दाबायचं, सोडायचं, दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं. ही सवय अंगवळणी पडते आणि नेमकी तीच रिटेनरच्या वेळी घात करते. चार रात्री लग्नघरात रिटेनर विसरला, पाचव्या रात्री तो चढेना, की लोक च्युई काढून तो चावून बसवतात. असं करू नका. रिटेनर घट्ट लागला पण बोटांनी दाबून पूर्ण बसला, तर काही दिवस तो पुन्हा पूर्ण वेळ घाला आणि सहज चढायला लागल्यावरच रात्रीवर या. पूर्ण बसतच नसेल, कुठे अधांतरी राहत असेल, तर जबरदस्ती न करता डॉक्टरांकडे जा. जाड प्लास्टिक कमी लवचिक असतं. चावून बसवल्यास ते तडकतं, किंवा ज्या दातावर जोर यायला नको त्यावर येतो. रिटेनरने दात सरळ करता येत नाहीत, ते काम ट्रेच्या मालिकेचं आहे.

तासांच्या बाबतीत अलायनर माफ करत नाही. रोज २२ तास घालायचा म्हणजे दिवसभरात फक्त दोन तास बाहेर, आणि त्यात खाणं, चहा, ब्रश सगळं आलं. इंदूरमध्ये हे दोन तास कसे उडतात ते बघा. सकाळी पोहे-जिलेबी आणि ब्रश, अर्धा तास. दुपारचं जेवण पाऊण तास. ऑफिसात दोन चहा, प्रत्येकी पंधरा मिनिटं. रात्रीचं जेवण पाऊण तास. झाले अडीच तास, आणि अजून छप्पनला, म्हणजे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत, जाणं झालेलं नाही. पाहुण्यांना घेऊन रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गेलात, की गराडू, भुट्ट्याचा किस, मग साबुदाण्याची खिचडी, मग एखादी जिलेबी करत दोन तास तिथेच जातात, आणि तेवढा वेळ ट्रे खिशात.

१४ दिवसांच्या ट्रेला २२ तासांप्रमाणे ३०८ तास मिळायला हवेत. रोज १६ तासच घातला तर २२४ होतात, ८४ तासांची तूट. म्हणजे त्या ट्रेला आणखी जवळपास चार दिवस द्यावे लागतात. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा तास मोजा आणि तूट पडली की डॉक्टरांना विचारून ट्रे लांबवा. सराफ्यात जायचं असेल तर जा, पण त्या दिवशी दुपारचा चहा सोडा. रिटेनर रात्रीवर आल्यावर मात्र सराफ्यातून एकला घरी आलात तरी बिघडत नाही. ब्रश करायचा, रिटेनर चढवायचा, झोपायचं.

ट्रे घालून चहाचे घोट घेणं ही मला सर्वात खटकणारी सवय. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडू शकतो, रंग चढतो ते वेगळंच. त्याहून वाईट साखर: ट्रेखाली लाळ पोचत नाही, त्यामुळे गोड चहा किंवा शिकंजी दाताला तासन्‌तास लागून राहते आणि बटणांभोवती पांढरे डाग उमटतात. ट्रे घालून फक्त साधं पाणी. पोह्यांनंतर ब्रश जमत नसेल तर निदान दोन-तीन खळखळून चुळा भरा. पोह्यांतली हळद बटणांवर पिवळसर छटा सोडते, आणि लवचिक रबर असतील तर ते एका जेवणात पिवळे होतात.

काढायची पद्धत दोघांत सारखीच. आतल्या बाजूने, शेवटच्या दाढेपाशी नख किंवा हूक घालायचा, एक बाजू सैल करायची, मग दुसरी, आणि शेवटी पुढून उतरवायचा. पुढच्या दातांवरून खेचलात किंवा रोज एकाच बाजूने ओढलात तर दाढेजवळ चीर जाते. अलायनर दिवसातून पाच वेळा निघतो, म्हणून चिरा त्यालाच जास्त.

धुणंही सारखंच: साधं पाणी, मऊ ब्रश, हात धुवायच्या बिनरंगी द्रव साबणाचा एक थेंब. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या कणांनी ओरखडे पडतात आणि त्यांत घाण धरते. उकळतं पाणी अजिबात नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवू नका. डबीऐवजी कागदी रुमालात गुंडाळलेला ट्रे खरकट्याबरोबर कचऱ्यात जातो, म्हणून डबी खिशात हवीच. नवा ट्रे रात्री जेवणानंतर सुरू करा, पहिले ठणकाचे तास झोपेत जातात. मागचा ट्रे फेकू नका, चालू ट्रे हरवला तर डॉक्टरांचा निरोप येईपर्यंत तोच दात धरून ठेवतो.

आता शेवटचा ट्रे. नवा रिटेनर हातात येईपर्यंतचे काही दिवस तो पूर्ण वेळ घालायला डॉक्टरच सांगतात, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. तो आठ-पंधरा दिवस टिकावा म्हणून बनवलेला असतो, महिनोन्‌महिने नाही. दात संगणकावरच्या आराखड्याइतके तंतोतंत सरकलेलेच असतात असंही नाही. शिवाय बटणं काढल्यावर त्यांच्या जागचे उंचवटे पोकळ राहतात आणि पकड कमी होते. रिटेनर बटणं काढून, दात घासून गुळगुळीत केल्यानंतरच्या मापावर बनतो. माप देताना एकाऐवजी दोन रिटेनर मागा, आणि स्कॅनची फाइल स्वतःजवळ घ्या. शहर बदललं, रिटेनर तडकला, तर दात हललेले नसतील तोवर त्याच फाइलवरून नवा बनवता येतो.