पेज, कोला की सलाईन?

गोव्यातल्या घरात कुणाला जुलाब लागले की आधी उकड्या तांदळाची पेज चढते. पातळ, जरा जास्त मिठाची, सोबत लोणच्याची फोड. डॉक्टर नंतर. नोकरीसाठी लिस्बन किंवा दुबई गाठलेली पोरंसुद्धा पोट बिघडलं की फोन लावतात, "आई, पेजेला पाणी किती घालू गं?"

इतरांचीही आपापली पेज आहे. जपानी माणूस आजारी पडला की भाताच्या पातळ लापशीवर उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबट फळ ठेवून खातो, म्हणजे पेज-लोणचंच झालं. पोर्तुगालमध्ये कोंबडीच्या रश्श्यात तांदूळ शिजवतात. जर्मनीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोला आणि मिठाच्या कुरकुरीत काड्या देत आले आहेत, आणि अमेरिकेत आल्याच्या चवीचं जिंजर एल आणि खारी बिस्किटं.

गार्सिया द ऑर्ता हे पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आले. पणजीच्या बागेला त्यांचंच नाव आहे. 1563 साली गोव्यातच छापलेल्या त्यांच्या ग्रंथात पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, वर्णन आहे आणि इथले लोक रोग्याला मिरी-जिरं घालून तांदळाचं पाणी पाजतात अशी नोंदही. तिथेच पायाला डाग देण्याचा उपायही सापडतो. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी दोन्ही वाचावेत. वय दोघांचं सारखंच, पण विज्ञानाच्या कसोटीला एकच उतरला.

तांदळाच्या पाण्याचा उपाय का उतरला, हे कळायला 1960 साल उजाडावं लागलं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर एक प्रथिन असतं, त्याचं आजचं नाव एसजीएलटी1. ते ग्लुकोजचा एक कण आणि सोडियमचे दोन कण एकदमच आत घेतं. नुसती साखर असेल किंवा नुसतं मीठ असेल तर हे दार उघडत नाही. जोडी आत गेली की तिच्यामागून पाणी ओढलं जातं. पटकीत शरीरातलं पाणी भसाभस बाहेर पडत असतानाही हे दार शाबूत राहतं. ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं जातात ही कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी त्या वर्षी प्राग इथे मांडली. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांची पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत रीघ लागली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांकरवी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं.

आता पेजेकडे बघा. तांदळाच्या पिठूळ भागातले रेणू अवाढव्य असतात. आतड्यात ते हळूहळू तुटून ग्लुकोज होतात, त्यामुळे दाराशी ग्लुकोजचा पुरवठा चालू राहतो, पण एकदम गोडाचा मारा होत नाही. लिटरभर पाण्यात सुमारे 50 ग्रॅम तांदळाचं पीठ घालून केलेलं ओआरएस, म्हणजे जुलाबात प्यायचं क्षार-साखरेचं पाणी, पटकीच्या रोग्यांवर चांगलं ठरलेलं आहे. अट एकच, मीठ. आळणी पेज पोटाला हलकी असेल, पण दार उघडायला तिच्याकडे अर्धीच किल्ली असते.

कोलाचं उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ. लिटरभर कोलात साखर 100 ग्रॅमच्या वर आणि सोडियम नावापुरतं. इतकी साखर आतड्यात उतरली की ती उलट शरीरातलं पाणी आतड्यात खेचते. काड्यांमुळे मीठ मिळतं, पण जुलाबात वाहून गेलेलं पोटॅशियम या जोडीत जवळजवळ नाहीच. आपल्या शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. म्हणून शहाळं जरूर प्यावं, पण जोरात जुलाब असताना फक्त त्याच्यावर राहू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

फोंड्याकडच्या कुठल्याही दवाखान्यात पावसाळ्यात बसलात तर हा संवाद कानावर पडेल.

"डॉक्टर, एक सलाईन लावून टाका बघू. अंगात त्राणच नाही."

"आजी, उलटी थांबलीय ना? मग हे ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात घाला आणि घोट घोट घ्या."

आजी सुनेकडे बघतात. एवढंच ऐकायला का रिक्षा करून आलो? जर्मनीतला भाचाही तिथल्या डॉक्टरवर असाच वैतागतो, "चहा प्या म्हणाले, रजेचा कागद दिला, औषधच नाही!" खरं तर अर्ध्या लिटरच्या सलाईनमध्ये असतं 4.5 ग्रॅम मीठ आणि पाणी. त्यात साखर नाही, पोटॅशियम नाही. रोगी गुंगलेला असेल, पोटात काहीच टिकत नसेल, लघवी बंद झाली असेल, तर तीच बाटली जीव वाचवते आणि तेव्हा तासभरही दवडू नये. पण पिऊ शकणाऱ्या माणसाला ती पाकिटापेक्षा जास्त काही देत नाही. सुई टोचल्याचं समाधान सोडून.

गंमत म्हणजे पाकीटही दरवेळी पहिलं येत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या टोरोंटोतल्या एका अभ्यासात 6 महिने ते 5 वर्षांच्या, सौम्य जुलाब असलेल्या आणि फारशा कोरड्या न पडलेल्या मुलांना दोन गटांत विभागलं. एका गटाला ओआरएससारखं द्रावण, दुसऱ्याला निम्मं पाणी घातलेला सफरचंदाचा रस आणि मग त्यांच्या आवडीचं पेय. सलाईन लावणं, पुन्हा डॉक्टरकडे जाणं असे उपचार फसल्याचे प्रकार पहिल्या गटात 25 टक्के, दुसऱ्यात 16.7 टक्के. चवीचं असलं की पोरं ते तोंडातून बाहेर टाकत नाहीत, हे कुठल्याही आजीनं सांगितलं असतं.