मर्सिडीज-बेंझ

मर्सिडीज-बेंझ : स्टुटगार्ट (जर्मनी) येथील आलिशान मोटारगाड्यांची कंपनी व तिची नाममुद्रा. वर्तुळातला तीन टोकांचा तारा ही तिची खूण. जगातल्या पहिल्या पेट्रोल मोटारीशी थेट नाते सांगणारी ही कंपनी कार्ल बेंझ आणि गोटलीप डाइमलर या दोन जर्मन अभियंत्यांच्या स्वतंत्र कारखान्यांच्या विलीनीकरणातून १९२६ मध्ये उभी राहिली. आज हे नाव श्रीमंतीचा समानार्थी शब्द झाले आहे. पण नुसत्या श्रीमंतीने एवढा मान मिळत नाही. गाडी वाटेत बंद पडली, उलटली, कशावर तरी आदळली, तेव्हा त्यातून इथल्या अभियंत्यांनी जे शिकून घेतले, त्यावर या कंपनीची पत उभी आहे. जिथे शिकण्यात कसूर झाली, तिथे ती पत घसरलीही.

कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ‘वायूइंजिनावर चालणाऱ्या वाहना’साठी पेटंटचा अर्ज दाखल केला. पेटंटचा क्रमांक ३७४३५. मानहाइममध्ये तयार झालेल्या या गाडीला चाके तीन, ताकद पाऊण अश्वशक्ती आणि वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास. यंत्र तयार होते, गिऱ्हाईक नव्हते. हा तिढा सोडवला कार्ल यांच्या पत्नी बेर्टा यांनी. लग्नाआधीच स्वतःच्या हुंड्याची रक्कम घालून त्यांनी कार्ल यांच्या भागीदाराचा वाटा सोडवून घेतला होता, म्हणजे या धंद्यातली पहिली जोखीम त्यांचीच. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे, नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिखार्ड या दोन किशोरवयीन मुलांना घेऊन त्या गाडीत बसल्या आणि माहेरी, फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. इतका लांबचा प्रवास तोवर कोणीही मोटारीने केलेला नव्हता.

वाटेत काय काय झाले, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. पेट्रोल पंप नावाची वस्तूच नव्हती. वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायला वापरतात ते लिग्रोइन घ्यावे लागले. इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन सतत उडून जाई, म्हणून जागोजागी थांबून ते भरून घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेवरचे आवरण झिजले, तिथे मोजे आवरून धरणारा पट्टा गुंडाळला. साखळी लोहाराकडून नीट करून घेतली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनिंगची ही सुरुवातच म्हणायची. चढावर गाडी दम टाकी, मग मुले उतरून ढकलत. घरी परतल्यावर बेर्टा यांनी चढासाठी आणखी एक गिअर हवा असे सांगितले आणि कार्ल यांनी तो बसवला. चालक, मेकॅनिक आणि चाचणी अभियंता या तिन्ही भूमिका त्या एका प्रवासात एका गृहिणीने पार पाडल्या. मोटारीच्या इतिहासात बेर्टा यांचे नाव कार्ल यांच्या बरोबरीने घ्यावे असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

त्याच सुमारास मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवर, स्टुटगार्टजवळच्या कानश्टाटमध्ये, गोटलीप डाइमलर आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म मायबाख वेगळ्याच वाटेने याच मुक्कामाकडे निघाले होते. गाडीपेक्षा त्यांचे लक्ष हलक्या, वेगाने फिरणाऱ्या इंजिनावर होते. ते त्यांनी १८८५ मध्ये लाकडी दुचाकीवर बसवले, पुढच्या वर्षी घोडागाडीवर आणि नावेवरही. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी आपले इंजिन चालावे ही डाइमलर यांची आकांक्षा. ताऱ्याची तीन टोके ती हीच. कोलोनजवळच्या डॉइट्स येथे नोकरीत असताना त्यांनी पत्नीला पाठवलेल्या चित्रकार्डावर आपले घर ताऱ्याची खूण करून दाखवले होते. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलांना ते आठवले, आणि १९०९ मध्ये ती खूण व्यापारचिन्ह म्हणून नोंदली गेली.

‘मर्सिडीज’ हे नाव मात्र एका लहान मुलीचे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरात राहणारे एमिल येलिनेक हे धनाढ्य ऑस्ट्रियन व्यापारी डाइमलरच्या गाड्या विकत घेत, विकत आणि शर्यतींतही उतरवत. शर्यतीत ते आपल्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव लावत. मार्च १९०० मध्ये नीसजवळच्या ला तुर्बीच्या चढाच्या शर्यतीत डाइमलरचे चालक विल्हेल्म बाउअर अपघातात दगावले. गाडी उंच होती आणि आखूड. वेगात वळण घेताना तिचा तोल राहत नसे. कारखान्यात शर्यती सोडून देण्याची भाषा सुरू झाली. येलिनेक यांनी उलट धरले: दोष शर्यतीचा नाही, गाडीच्या घडणीचा आहे, लांब, रुंद आणि जमिनीलगत बसणारी गाडी करा. पाठोपाठ ३६ गाड्यांची मागणी नोंदवली, त्यांची किंमत साडेपाच लाख सोन्याचे मार्क, आणि नव्या इंजिनाला ‘मर्सिडीज’ म्हणायचे ही अट.

मायबाख यांनी जी गाडी दिली, ती पाहून मोटार म्हणजे ‘घोडा नसलेली बग्गी’ ही कल्पना मोडीत निघाली. पस्तीस अश्वशक्तीचे इंजिन पुढे, पोलादी पत्र्याची चौकट खाली, चाकांमधले अंतर लांब. सर्वात देखणी युक्ती रेडिएटरमध्ये होती. आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या एकाशेजारी एक बसवल्या. पाणी थंड करायला हवेला एवढा पृष्ठभाग मिळाल्यावर थोडेच पाणी पुरू लागले आणि इंजिन तापण्याची जुनी कटकट मिटली. मार्च १९०१ मधल्या नीसच्या शर्यतींत या गाडीने बाकीच्यांना मागे टाकले. पुढच्या वर्षी ‘मर्सिडीज’ हे नाव कायदेशीर नोंदले गेले, आणि १९०३ मध्ये येलिनेक यांनी स्वतःच्या आडनावालाही ते जोडून घेतले. मुलीच्या नावाने बाप ओळखला जाण्याचे असे उदाहरण उद्योगात विरळाच.

पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनफुगवट्याने दोन्ही कारखाने जेरीस आले. २८ जून १९२६ रोजी ते एक होऊन ‘डाइमलर-बेंझ’ झाले. डाइमलरचा तारा बेंझच्या लॉरेल पानांच्या कड्यात बसवला गेला. फर्डिनांड पोर्श हे तेव्हाचे तांत्रिक प्रमुख होते. १९३६ मध्ये आलेली २६० डी ही कारखान्यात नियमित तयार होणाऱ्या पहिल्या डिझेल मोटारींपैकी एक. शर्यतींत रुडोल्फ काराच्चिओला यांच्यासारख्या चालकांनी रुपेरी गाड्यांचा दरारा बसवला.

तो दरारा नाझी राजवटीच्या छायेत वाढला, हे झाकून पुढे जाता येत नाही. कंपनीच्या अवजड ७७० मोटारींतून हिटलरच्या मिरवणुका निघत. कारखान्यांत लढाऊ विमानांची इंजिने बनत. १९४४ मध्ये कंपनीच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे वेठीला धरलेले होते : व्यापलेल्या देशांतून आणलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी. बर्लिनजवळच्या गेन्सहागेन इंजिन कारखान्यात राव्हेन्सब्रुक छावणीतल्या अकराशेच्या आसपास स्त्रिया राबत होत्या. कंपनीने आपला हा इतिहास संशोधकांना तपासू दिला, १९८० च्या दशकात नुकसानभरपाईपोटी रक्कमही दिली. पण हे होईपर्यंत चाळीस वर्षे उलटली होती आणि त्यातल्या अनेक जणी हयात नव्हत्या.

युद्धानंतर उद्ध्वस्त कारखान्यांतून १७० व्ही हे जुनेच प्रारूप पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला मांडलेल्या ३०० एसएल या गाडीने कंपनी पुन्हा चर्चेत आली. तिचे दरवाजे वर, पक्ष्याच्या पंखांसारखे उघडतात. हा निव्वळ नखरा असावा असे पाहणाऱ्याला वाटते. कारण मात्र रोकडे आहे. वजन वाचवण्यासाठी गाडीचा सांगाडा बारीक पोलादी नळ्यांच्या जाळीचा केला होता आणि ती जाळी दोन्ही बाजूंनी इतकी उंच येत होती की नेहमीचा दरवाजा बसायला जागाच उरली नाही. मग दरवाजा छतालाच टांगला. आत बसायचे तर तो उंच उंबरठा ओलांडून घसरतच उतरावे लागते. चालकाला पाय आत घेणे सोपे जावे म्हणून सुकाणूचक्र खाली दुमडता येते. अशा १,४०० गाड्या निघाल्या.

१९५५ च्या मे महिन्यात स्टर्लिंग मॉस यांनी इटलीतली मिल्ले मिलिया ही सुमारे सोळाशे किलोमीटरची शर्यत ३०० एसएलआरमधून दहा तास, सात मिनिटे, ४८ सेकंदांत जिंकली. महिनाभराने, ११ जूनला, ल मान्सच्या शर्यतीत त्याच प्रकारची गाडी दुसऱ्या गाडीला धडकून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. चालक पिएर लवेग यांच्यासह ऐंशीहून अधिक माणसे गेली. शर्यत चालू असतानाच रात्री कंपनीने आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या आणि त्या वर्षाअखेर शर्यतींतून अंग काढून घेतले. पुढची तीस-एक वर्षे कारखान्याचा अधिकृत संघ अशा शर्यतींत दिसला नाही. (फॉर्म्युला वनमध्ये परतल्यावर मात्र २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघाचे विजेतेपद मर्सिडीजकडे राहिले.)

कंपनीचे खरे मोठेपण या लेखकाच्या मते बेला बारेन्यी यांच्या कामात आहे. व्हिएन्नाजवळ १९०७ मध्ये जन्मलेले हे अभियंते १९३९ पासून इथे होते. त्यांच्या नावावर अडीच हजारांहून अधिक पेटंटे आहेत. गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित, अशी तेव्हाची सार्वत्रिक समजूत. बारेन्यी यांनी ती उलटी केली. न चेपणारी गाडी धडकली की सगळा धक्का आतल्या माणसाच्या छातीला आणि मानेला बसतो. म्हणून गाडीचे नाक आणि शेपूट मुद्दाम चेपू द्यावे, धक्का तिथेच जिरवावा, आणि माणसे बसतात तो मधला भाग तेवढा भक्कम ठेवावा. १९५१ मध्ये मांडलेली ही कल्पना १९५९ च्या डब्ल्यू १११ मालिकेत प्रत्यक्ष आली. त्याच वर्षी झिंडेलफिंगेन येथे पूर्ण गाडी मुद्दाम अडथळ्यावर आदळून पाहण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. १९६९ पासून कंपनीचे अभियंते खऱ्या अपघातांच्या जागी जाऊन मोजमाप घेऊ लागले. आज रस्त्यावरच्या कोणत्याही साध्या मोटारीचा पुढचा भाग चेपतो आणि आतला माणूस वाचतो, तेव्हा त्यामागे बारेन्यी यांचा विचार असतो.

१९७८ मध्ये बॉशच्या साहाय्याने एस-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस आले, जोरात ब्रेक दाबूनही चाक न अडकवणारे. १९८१ मध्ये एअरबॅग आणि धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारी यंत्रणा जोडीने आली; एअरबॅगचे प्रयोग अमेरिकेत आधी झाले होते, ती टिकवून रुळवण्याचे श्रेय मर्सिडीजला. छोट्या गोष्टींतही हीच दृष्टी दिसते. सत्तरीच्या दशकातल्या मर्सिडीजच्या मागच्या दिव्याच्या काचेवर आडव्या खोल पन्हळी आहेत. चिखल उडतो तो बाहेर आलेल्या कडांवर बसतो, आतल्या खाचा स्वच्छ राहतात आणि पावसातही दिवा मागच्याला दिसतो.

टिकाऊपणाची ख्याती पसरवली ती टॅक्सीवाल्यांनी. १९७६ ते १९८६ या काळातील डब्ल्यू १२३ मालिकेच्या सुमारे सत्तावीस लाख गाड्या निघाल्या. जर्मनीत टॅक्सी म्हणून राबल्यावर त्यांतल्या कितीतरी आफ्रिकेत गेल्या. मोरोक्कोत गावोगाव जाणारी सामायिक टॅक्सी म्हणजे वर्षानुवर्षे जुनी डिझेल मर्सिडीजच असे. १९७६ ची एक २४० डी ग्रीसमध्ये टॅक्सी म्हणून ४६ लाख किलोमीटर धावली. ती आता कंपनीच्या संग्रहात आहे.

नव्वदीत ही घडी विस्कटली. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश मोटार मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात अचानक आलेला एल्क हरणासारखा मोठा प्राणी चुकवायला दोनदा झटक्याने वळताना, नवीकोरी ए-क्लास उलटली. सुरुवातीला कंपनीने ते मनावर घेतले नाही. मग मात्र विक्री थांबवून सस्पेन्शन बदलले आणि घसरण सावरणारी ईएसपी यंत्रणा त्या छोट्या गाडीत सरसकट बसवली, विकलेल्या गाड्यांतसुद्धा फुकट. महागड्या गाड्यांपुरती असलेली ही यंत्रणा त्यामुळे सर्वसामान्य गाड्यांत लवकर पोचली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरशी केलेला घरोबा २००७ मध्ये मोडला. त्या वर्षांतल्या गाड्यांत गंज आणि इलेक्ट्रॉनिक बिघाड यांच्या तक्रारी वाढल्या. डिझेल गाड्यांच्या धुराबाबत अमेरिकी सरकारशी २०२० मध्ये दीड अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. ट्रकचा व्यवसाय २०२१ च्या अखेरीस वेगळा झाला आणि उरलेल्या कंपनीने २०२२ मध्ये ‘मर्सिडीज-बेंझ ग्रुप’ हे नाव घेतले.

भारताशी या कंपनीचे नाते मोटारीने नव्हे, ट्रकने जुळले. टाटांच्या टेल्को कंपनीने (नंतरची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ‘टाटा-मर्सिडीज-बेंझ’ ट्रक बनू लागले. नाकावर तारा मिरवणारे ते ट्रक देशभरच्या घाटरस्त्यांवर धावले. करार १९६९ मध्ये संपला. तोवर जर्मन शिस्त आत्मसात करून टेल्को स्वतःच्या पायावर उभी राहिली होती. हे घडवून आणणारे सुमंत मुळगावकर मुंबईचे. उसन्या तंत्रावर कायम विसंबायचे नाही, या त्यांच्या आग्रहातूनच पिंपरी-चिंचवडचा कारखाना आणि तिथली प्रशिक्षणाची व्यवस्था उभी राहिली. ‘सुमो’ हे टाटांच्या गाडीचे नाव त्यांच्याच नावा-आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या (Sumant Moolgaokar) पहिल्या दोन-दोन अक्षरांवरून आले.

पुढे १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडियाची स्थापना झाली, तीही पुण्यातच आणि टेल्कोच्या भागीदारीत. पहिली भारतीय जोडणीची ई-क्लास १९९५ मध्ये टेल्कोच्याच आवारातून बाहेर पडली. कालांतराने टाटा भागीदारीतून बाहेर पडले आणि २००९ मध्ये चाकणला शंभर एकरांवर कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. बाहेरून आणलेले सुटे भाग इथे जोडले जातात, कारण पूर्ण तयार गाडीवरचे आयात शुल्क त्याहून कितीतरी जास्त असते. २०२२ मध्ये इथेच ईक्यूएस ५८० या विजेवरच्या मोटारीची जोडणी सुरू झाली. पुण्याच्याच एआरएआय या वाहने तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीनुसार ती एका चार्जिंगमध्ये ८५७ किलोमीटर जाते.