जहाजांचे उत्सर्जन घटवणारी तंत्रे : कोकण किनाऱ्यावरील निवड

जहाजाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड, गंधक व नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळी असते. या सगळ्यांवर एकच उपाय नाही. बोट किती लांब जाते, धक्क्याला किती वेळ उभी राहते आणि त्याच जेट्टीला परत येते का, यावरून तंत्र ठरते. त्यामुळे जयगडला येणारे मालवाहू जहाज आणि दाभोळ–धोपावे फेरीबोट यांची उत्तरे वेगळी निघतात.

१ टन डिझेल जळले की सुमारे ३.२ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून पहिले लक्ष बोटीच्या तळाकडे द्यावे. इथल्या उबदार पाण्यात तळावर आधी बुळबुळीत थर धरतो, मग बार्नेकल (कठीण कवचाचे छोटे समुद्री जीव) चिकटतात आणि तोच वेग राखायला जास्त डिझेल लागते. ट्रॉलर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत वर ओढलेले असतात, तेव्हा तळ साफ करून रंगवता येतो. पावसाळ्यातही चालणाऱ्या फेरीबोटीसाठी मात्र मुद्दाम दिवस काढावे लागतात. पत्र्याने जोरात खरवडले तर घाणीबरोबर संरक्षक रंगही निघतो आणि पुढचा थर लवकर बसतो. मोठ्या जहाजाला वेग कमी करणे सर्वांत स्वस्त : वेग १० टक्के उतरवला तर तेवढ्याच अंतराला इंधन सुमारे १९ टक्के कमी लागते.

खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीला बॅटरी शोभते. समजा, १० मिनिटांच्या फेरीत सरासरी १५० किलोवॅट लागतात. म्हणजे फेरीला २५ युनिट, २० फेऱ्यांना ५००. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, त्यामुळे फक्त रात्री चार्ज करायचे तर सुमारे ७०० युनिटांची हवी. तिचे वजन सात टनांच्या आसपास जाते आणि ओहोटीला बोट टेकण्याची भीती वाढते. दर फेरीनंतर चार्ज केले तर बॅटरी लहान चालते. पण १० मिनिटांत २५ युनिट भरायला १५० किलोवॅटची जोडणी हवी, आणि गावच्या वीजवाहिनीला तो भार झेपेलच असे नाही. मग जेट्टीवर हळूहळू भरणारी दुसरी बॅटरी ठेवतात. खाऱ्या हवेने प्लगचे तांबे हिरवे पडते, सांधा तापतो आणि चार्जिंग मध्येच तुटते.

एक गोष्ट प्रस्तावांत हमखास राहते. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. डिझेल इंजिनही एका युनिटमागे जवळपास तेवढाच सोडते. सौर वीज जोडली नाही, तर जेट्टीवरचा धूर आणि आवाज जातो, कार्बन फारसा घटत नाही.

मोठे जहाज धक्क्याला लागल्यावर किनाऱ्याची वीज घेऊन जनरेटर बंद करू शकते. मात्र बरीच जहाजे ६० हर्ट्झवर चालतात आणि आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून धक्क्यावर वारंवारता बदलणारे यंत्र हवे. १ जानेवारी २०२० पासून इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ०.५० टक्के आहे. कमी गंधकाचे इंधन वापरण्याऐवजी स्क्रबर (धुरातील गंधक पाण्याने धुणारे यंत्र) बसवता येतो, पण खुल्या पद्धतीचा स्क्रबर धूर धुतलेले आम्लयुक्त पाणी समुद्रातच सोडतो. कालवांच्या खाडीत ते नकोच. नायट्रोजन ऑक्साइडांसाठी युरिया फवारणारे उत्प्रेरक वापरतात. त्याला ३०० अंशांच्या आसपास गरम धूर लागतो. खाडीत सावकाश चालताना धूर थंड राहतो आणि गंधकाचे इंधन असेल तर चिकट क्षार साचून उत्प्रेरकाची जाळी तुंबते.

द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांवर साठवतात. त्याचा कार्बन कमी, पण न जळलेला मिथेन निसटला तर फायदा बुडतो. मिथेनॉल साध्या तापमानाला द्रव राहते, मात्र तेवढ्याच ऊर्जेला डिझेलच्या दुपटीहून मोठी टाकी लागते. ट्रॉलरवर ही जागा बर्फाच्या खणातूनच काढावी लागेल.