बाटलीत चमचा कशाला?

एकतीस डिसेंबरच्या रात्री घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत अर्धी उरलेली स्पार्कलिंग वाईन फ्रिजमध्ये गेली, तीही तोंडात चांदीचा चमचा उलटा लटकवून. "याने गॅस उडत नाही गं," असं शेजारच्या काकू ठामपणे म्हणाल्या. सकाळी बुडबुडे होतेच, म्हणजे काकू जिंकल्या!

पण श्रेय चमच्याचं नाही, फ्रिजचं. बुडबुडे म्हणजे वाईनमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. द्रव जितका थंड, तितका तो आत टिकतो. उघड्या तोंडात लोंबणारा चमचा गॅसला अडवणार कसा? बिनचमच्याची बाटलीही सकाळी तशीच फसफसली असती. खरंच राखायची असेल तर चिमट्याने घट्ट बसणारं खास झाकण घ्या. नुसतं बूच दाबलंत, तर आतला दाब ते उडवून लावेल.

न उघडलेल्या शॅम्पेनमध्ये हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण 6 पट, म्हणजे गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणून बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा, मग बूच धरून बाटली फिरवा. सुस्कारा ऐकू आला पाहिजे, धमाका नाही.

आणि केकबरोबर ब्रूट, म्हणजे अगदी कमी साखरेची स्पार्कलिंग वाईन नको, गोडापुढे ती आंबट लागते. आम्ही दुसऱ्या दिवशी गरम कोथिंबीर वडीबरोबर संपवली. आंबटपणा तेलकटपणा कापतो, बुडबुडे तोंड साफ करतात. काकूंनी दोन ग्लास घेतले, चमचा मात्र परत मागून नेला.