आधी प्रिंट ठरवा, मग फ्रेम घ्या

सेलमध्ये १२ × १८ इंचांची तयार फ्रेम स्वस्तात मिळते. ती घेऊन लोक आमच्याकडे येतात आणि म्हणतात, “यात स्टारी नाइट बसवून द्या.” नेमकं इथेच घोडं अडतं. ऑर्डरी उशिरा जातात त्या बहुतेक यामुळेच, छपाईमुळे नाही.

चित्रकार व्हॅन गॉगचं १८८९ सालचं ‘स्टारी नाइट’ मुळात सुमारे ७४ सेंमी उंच आणि ९२ सेंमी रुंद आहे. तुमच्या फ्रेमची १८ इंच रुंदी पूर्ण भरायची तर चित्राची उंची साडेचौदा इंचांच्या आसपास जाते. फ्रेमला आहे १२. जवळजवळ अडीच इंच कुठून तरी कापायला हवेत. वरून कापले तर सरूचा शेंडा उडतो आणि चंद्रावर कात्री चालते. खालून कापले तर गावातली घरं जातात. ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टचं ‘द किस’ तर चक्क चौरस, १८० बाय १८० सेंमी. त्याने ही फ्रेम भरायची तर एक तृतीयांश चित्र गेलंच म्हणून समजा.

“मग थोडं ताणा की!” ताणलं की चंद्राचा नूर जातो आणि ‘किस’मधल्या माणसांचे चेहरे लांबुडके होतात. हे काम आम्ही घेत नाही, जास्त पैसे दिले तरी. फ्रेम आधीच घेऊन बसला असाल तर जपानी चित्रकार होकुसाईचं लाटेचं प्रसिद्ध चित्र बघा. मूळ छापच साधारण २६ बाय ३८ सेंमीचा, त्यामुळे १२ × १८ मध्ये ती केसाएवढ्या फरकाने बसते.

लाट नको, स्टारी नाइटच हवं असेल तर उपाय माउंटचा. चित्र पूर्ण ठेवून भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट कापायची. बिल वाढवायला माउंट गळ्यात मारतात, असं काहींना वाटतं. पण पावसाळ्यात काचेला टेकलेली प्रिंट दमट हवेने काचेलाच चिकटते आणि सोडवताना शाई उचकटते. माउंटमुळे काच आणि कागद यांच्यात फट राहते. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी तरी इथे काटकसर करू नये.

माप घेताना फ्रेम उलटी करा, मागचा बोर्ड काढा आणि काच मोजा. समोरून फ्रेमच्या पट्टीच्या आतलं माप घेऊ नका. पट्टीच्या खाचेत चारही बाजूंनी काच थोडी दडलेली असते. काचेवर मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवला तर उत्तम.

गाण्यांवरच्या आमच्या सगळ्या प्रिंट १२ × १२ इंच आहेत. ही गाणी एलपीच्या, म्हणजे मोठ्या ग्रामोफोन तबकड्यांच्या जमान्यातली, आणि एलपीचं कव्हर जवळपास त्याच मापाचं. त्यावर गाण्याच्या ओळी का नाहीत, हे हमखास विचारलं जातं. आपल्याकडे शब्दांवरचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. परवानगीशिवाय ते छापता येत नाहीत. म्हणून आम्ही गाण्याचं फक्त नाव घेतो, चित्र आमचं. चित्रकारांनाही हाच नियम. व्हॅन गॉग १८९०मध्ये गेला, क्लिम्ट १९१८मध्ये, त्यामुळे त्यांची चित्रं छापायला मोकळी आहेत. पिकासो गेला १९७३मध्ये, म्हणजे त्याच्यासाठी २०३३ संपेपर्यंत थांबावं लागेल. दुसरीकडे कुठे मिळत असेल तर खुशाल घ्या. आम्ही छापणार नाही.

भिंतीसाठी एकच काहीतरी घ्यायचं असेल तर आमची जोडी बघा. डॉन मॅक्लीनचं १९७१चं ‘व्हिन्सेंट’ हे गाणं व्हॅन गॉगवरच आहे. त्यावरची आमची चौरस प्रिंट आणि शेजारी १५ × १२ इंचांचं ‘स्टारी नाइट’. दोन्हींची उंची एकच, त्यामुळे एका रेषेत टांगता येतात आणि चित्राचा कोपराही कापावा लागत नाही. दोन्ही एकदम घेतल्या तर माउंट कापण्याचे पैसे आम्ही लावत नाही.

प्रिंट नळकांड्यातून येते. बाहेर काढल्यावर लगेच फ्रेमवाल्याकडे पळू नका. वर कोरा कागद आणि त्यावर दोन-चार जाड पुस्तकं ठेवून रात्रभर सपाट होऊ द्या. उलट गुंडाळून सरळ करायला गेलात तर कागदाला वळ्या पडतात, आणि त्या प्रिंटा बदलून मिळत नाहीत.