बंद टर्बाइन फिरतं का ठेवतात?

उसाचा गाळप हंगाम संपला, की पुण्यातल्या आम्हा टर्बाइनवाल्यांचा हंगाम सुरू होतो. बारामती, इंदापूर, दौंड पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वाफ करतात, त्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि कारखान्याची गरज भागून उरलेली वीज ग्रीडला जाते. बॉयलर बंद झाले की ही टर्बाइनं देखभालीसाठी उघडायची. तेव्हा हमखास विचारणा होते, "साहेब, मशीन सकाळीच बंद केलंय. संध्याकाळी वरचं केसिंग उचलायचं का?"

केसिंग म्हणजे टर्बाइनचं बाहेरचं कवच. ते नाही उचलायचं. वाफ बंद असली तरी आतला रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, अजून सावकाश फिरतोय, आणि त्याला फिरू द्यायचंय.

चालू असताना टर्बाइनमध्ये शिरणारी वाफ 500 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. यंत्र थांबलं की आत उरलेली गरम वाफ आणि हवा वर चढते. केसिंगचा वरचा भाग तापलेला राहतो, खालचा आधी निवतो. रोटर स्थिर पडून राहिला तर त्याचीही वरची बाजू जास्त गरम, म्हणून किंचित जास्त लांब, आणि पोलादाचा तो जाडजूड दांडा चक्क वरच्या दिशेने कमानीसारखा वाकतो. 5 मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर जाड रोटरच्या वरच्या-खालच्या बाजूंत फक्त 10 अंशांचा फरक पडला, तर हिशेबाने मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बाक येतो.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रातला रोटर मिनिटाला 3000 फेरे घेतो, कारण आपल्या ग्रीडची वारंवारता 50 हर्ट्झ आहे. या वेगाला रोटरचा गुरुत्वमध्य अक्षापासून एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतका, जरी सरकला, तरी बाहेर ओढणारं बल रोटरच्या स्वतःच्या वजनाएवढं होतं. रोटर 5 टनी असो की 50 टनी, हे प्रमाण बदलत नाही. मला हे गणित आजही थोडं भीतीदायक वाटतं. बल वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे साखर कारखान्यांतली छोटी पण जास्त वेगाची टर्बाइनं याबाबतीत उलट जास्त नाजूक. शिवाय फिरती पाती आणि सील (वाफ फटीतून निसटू नये म्हणून बसवलेल्या कड्या) यांच्या भोवतीची फट मुळातच जेमतेम असते. वाकलेला रोटर तिथे घासला, की घर्षणाने तीच बाजू आणखी तापते आणि बाक वाढतो.

यावरचा उपाय म्हणजे बॅरिंग गिअर. यंत्र थांबताच एक छोटी मोटर गिअरच्या मदतीने रोटर हळूहळू फिरवत राहते, म्हणजे प्रत्येक बाजू आळीपाळीने वर येते. मोठ्या संचात हे काही दिवस चालतं. एवढ्या मंद गतीला बेअरिंगमध्ये तेलाचा थर आपोआप तयार होत नाही, म्हणून मोठ्या यंत्रांत जॅकिंग ऑइल पंप खालून जास्त दाबाने तेल सोडून रोटर केसभर वर उचलून धरतो. तेल बंद पडलं तर बेअरिंगमधला मऊ पांढरा धातू खरवडून निघतो. त्यासाठीच वीजनिर्मिती केंद्रातच, सगळी वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा तेलपंप ठेवलेला असतो.

मुळशी धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातल्या सहकाऱ्यांना ही भानगड नाही. पाणी थंड, धातू थंड. काही मिनिटांत सुरू, काही मिनिटांत बंद. आम्हाला त्यांचा हेवा वाटतो.

आणि बॅरिंगची मोटरच बंद पडली तर? रोटर हाताने फिरवायची सोय असते. ठरावीक वेळाने अर्धा फेरा, पुन्हा थांबायचं, पुन्हा अर्धा फेरा. काही कारणाने तो स्थिर राहून वाकलाच, तर लगेच वेग द्यायचा नाही. तो अर्धा फेरा वळवून बाकाची बाजू खाली आणायची आणि बाक मोजणाऱ्या डायल गेजच्या काट्यावर तो उतरताना बघत बसायचं. काटा जागेवर आला, की मगच सलग फिरवायला घ्यायचं. यात रात्र गेली तरी चालते. तोवर वरून येणारे फोन कुणीतरी दुसऱ्याने घ्यावेत.